ग्यॉमजेच्या डोंगरांत

बुधवार

सोलमधली 'जोंगनो ०९' ही छोटी हिरवी बस ग्यॉंगबोकगुंग मेट्रो स्टेशनाजवळ मिळते, तोंगिन बाजारावरून गल्ल्याबोळांतून चढत जाते आणि डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबते. पुढे रस्ताच नाही. उतरलं की समोर ओढा, त्यात मोठाल्या शिळा, पाइनची वाकडीतिकडी झाडं आणि मागे इनवांगसान डोंगराचा पांढुरका उघडा कातळ. या जागेचं नाव सुसॉंगदोंग. अठराव्या शतकातला कोरियन चित्रकार जॉंग सॉन, ऊर्फ ग्यॉमजे, याने काढलेलं इथलंच चित्र बाजूच्या फलकावर छापलंय. मी फलकाकडे बघितलं, मग ओढ्याकडे, मग पुन्हा फलकाकडे. शिळा त्याच. घळीवर आडवी टाकलेली लांब दगडी फरशीही तीच. तिला गिरिनग्यो म्हणतात. कठडा नाही, कमान नाही, नुसता दगड या काठावरून त्या काठावर टेकवलेला.

गंमत म्हणजे हे सगळं दिसायला लागलं ते २०१२ पासून. १९७१ साली इथे ओगिन नावाची अपार्टमेंट्स उभी राहिली होती, ओढा त्यांच्या मधून कसाबसा वाहायचा. पुढे त्या इमारती पाडल्या, ओढा मोकळा केला आणि जागा पुन्हा लावताना ग्यॉमजेचं चित्र समोर ठेवलं. सार्वजनिक सुशोभीकरण म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारंजी, रंगीत दिवे, सिमेंटची हरणं. इथे त्यातलं काही नव्हतं. बाकावर दोन आजीबाई फ्लास्कमधली कॉफी पीत बसल्या होत्या आणि एक शाळकरी मुलगा गिरिनग्योवर चढायचा बेत करत होता. आईने ओरडून तो हाणून पाडला.

ग्यॉमजे हे जॉंग सॉनचं कलावंत म्हणून घेतलेलं नाव. जन्म १६७६, मृत्यू १७५९. म्हणजे आयुष्य भरपूर लाभलं, आणि त्यातला बराचसा काळ याच एक-दोन चौरस किलोमीटरांत गेला. जन्म इथून जवळ, बुगाक्सानच्या पायथ्याला. त्या जागी आता शाळा आहे. घराणं उमरावांचं, पण पैसा आटलेला. वडील गेले तेव्हा हा चौदा वर्षांचा. शेजारीपाजारी मात्र तालेवार होते. आन्दोंगच्या किम घराण्यातले विद्वान भाऊ, आणि त्यांच्या बैठकीतला पाच वर्षांनी मोठा कवी यी ब्यॉंग-यॉन. या यी महाशयांना लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा पुन्हा येणार आहेत. जॉंग सॉनला सरकारी नोकरी मिळाली ती चाळिशीला टेकल्यावर.

मी निवृत्त चित्रकला शिक्षिका. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात हयात गेली. जॉंग सॉन मला ठाऊक होता तो पुस्तकातल्या तळहाताएवढ्या छापील चित्रांतून. जानेवारीत भाचीचा, मुक्ताचा, फोन आला. "मावशी, तुझ्या त्या डोंगरवाल्याचं मोठं प्रदर्शन लागतंय इकडे. यायचं तर आता ये." ती सुवॉनला नोकरी करते. तिची खोली माझ्या घरातल्या स्वयंपाकघरापेक्षा लहान आहे, पण गादी जमिनीवर आणि जमीन खालून गरम. तक्रार नाही.

गुरुवार

होआम म्युझियम सोलच्या दक्षिणेला योंगिनमध्ये, एव्हरलँड या प्रचंड करमणूक उद्यानाच्या शेजारी आहे. गिहुंग स्टेशनवरून एका डब्याची, ड्रायव्हर नसलेली गाडी जाते. आमचा डबा पांडाचे कान लावलेल्या मुलांनी भरलेला. सगळे एव्हरलँडला. शेवटच्या स्टेशनवर ती गर्दी एकीकडे गेली आणि दोघीच आम्ही टॅक्सीच्या रांगेत.

निघण्याआधी गिहुंगला माझं प्रवासाचं कार्ड भरायचं होतं. इथे चहासुद्धा कार्डावर मिळतो, पण ते कार्ड भरायच्या मशीनला मात्र रोख नोटाच लागतात. मुक्ताने पाकिटातून हजार वॉनच्या निळ्या नोटा काढल्या. "थांब, उलटी कर," मी म्हटलं. नोटेच्या पुढच्या बाजूला सोळाव्या शतकातला तत्त्वज्ञ यी ह्वांग. मागच्या बाजूला ओढा, कडे, झाडी आणि त्यात एका छोट्या घरात बसलेला माणूस. तो माणूसही यी ह्वांगच, आणि चित्र जॉंग सॉनचं, १७४६ सालचं. माझ्या भिंगातून तो माणूस तिळाएवढा दिसला. मुक्ता इतकी वर्षं या नोटा वापरतेय, तिने मागची बाजू कधी नीट बघितली नव्हती. मागे रांग वाढली होती, तेव्हा यी ह्वांगना मशीनमध्ये घातलं.

प्रदर्शनात देशभरातल्या संग्रहांतून आणलेली १६५ कामं होती. त्यांतली दोन एकत्र बघायला मिळणं हे या प्रवासाचं खरं कारण. एक 'गुमगांग जॉनदो', १७३४ सालचं, सोलच्या लीउम म्युझियमचं. दुसरं 'इनवांग जेसेकदो', १७५१ सालचं. हे २०२१ पर्यंत सॅमसंगच्या ली घराण्याकडे होतं, आता राष्ट्रीय संग्रहालयाचं आहे. दोन्हींना 'राष्ट्रीय ठेवा' असा दर्जा आहे. इनवांगचं चित्र मे महिन्याच्या सुरुवातीला उतरवणार होते, म्हणून एप्रिलचा शेवट गाठला.

आधी गुमगांग. त्याचं सगळं एका वर्तुळात आहे. उंची साधारण १३१ सेंटिमीटर, रुंदी ९४, कागदावर शाई आणि फिकट रंग. गुमगांग म्हणजे वज्रपर्वत, त्याला बारा हजार शिखरं आहेत असं कोरियन माणूस परंपरेने म्हणतो. जॉंग सॉनने ती सगळी उचलून एका गोलात बसवली. उजवीकडे ग्रॅनाइटचे सुळके. वरून खाली सरळ, टोकदार, पांढरे फटकारे, एकाला एक खेटून. डावीकडे मातीचे गोलसर डोंगर, त्यांच्यावर ओल्या कुंचल्याने टेकवलेले आडवे ठिपके. म्हणजे झाडी. ही ठिपक्यांची रीत चीनमधून आलेली, जुनीच. सुळक्यांचे उभे फटकारे मात्र त्याचे स्वतःचे. कोरडा आणि ओला, हाडं आणि मांस, असे दोन भाग एका नागमोडी रेषेने वेगळे होतात. त्यात जाणकारांना यिन-यांगची आकृती दिसते. मला आधी दिसला तो रस्ता. डावीकडे खाली जांगानसा देवळापाशी कमानीचा पूल आहे. तिथून आत शिरायचं, ओढ्याच्या काठाने मानपोकदोंगच्या दरीत यायचं, मान वर करायची की सगळ्यात वर बिरोबोंग, म्हणजे वैरोचन शिखर. नजर नाही, पाय चालतात या चित्रात.

हे असं दृश्य कुठूनही दिसत नाही. गुमगांग असा गोल नाही, आणि त्याच्यावर इतक्या उंच जाऊन खाली बघायला तेव्हा कोणाकडे काही साधन नव्हतं. तो चालला, बघितलं, लक्षात ठेवलं आणि घरी येऊन रचलं. कडेने फिकट निळा रंग फिरवलाय, त्यामुळे पांढरे सुळके पुढे येतात. सुळक्यांना स्वतःला रंग जवळजवळ नाहीच.

जॉंग सॉनच्या चित्रांना 'जिनग्यॉंग', म्हणजे खऱ्या दृश्यांची चित्रं, म्हणतात. आधीच्या कोरियन चित्रकारांपुढे चिनी चित्रांतले डोंगर असायचे. न पाहिलेले, पुस्तकांतून आलेले, कल्पनेतले. हा आपल्या देशातल्या डोंगरांकडे गेला आणि तेच काढत राहिला. त्याचा शेजारी आणि स्वतः चांगला चित्रकार असलेला जो यॉंग-सॉक याने लिहून ठेवलंय की कोरियाचं स्वतःचं निसर्गचित्र ग्यॉमजेपासून नव्याने सुरू झालं. त्यानेच असंही लिहिलंय की याचे झिजलेले कुंचले पुरले तर त्यांचं थडगं होईल. एका मुठीत दोन कुंचले धरून तो काढायचा असंही सांगतात. सुळक्यांच्या जोडीजोडीने उतरणाऱ्या रेषा जवळून पाहिल्यावर मला ते पटलं.

मग इनवांग. इथे मी आडवी झाले, म्हणजे मनाने. ७९ बाय १३८ सेंटिमीटरचा आडवा कागद, नुसती शाई. आदल्या दिवशी मी जो पांढरा डोंगर बघितला तो इथे काळा कुळकुळीत. रुंद कुंचला ओल्या शाईत बुडवून वरून खाली ओढलाय. तो फटकारा वाळायच्या आत किंवा वाळल्यावर पुन्हा, आणि पुन्हा. थरावर थर. कडा इतका जड झालाय की कागद वाकेल असं वाटतं. शिखराचा माथा कागदाच्या वरच्या कडेला जाऊन भिडतो, त्याला श्वास घ्यायला आकाश ठेवलेलं नाही. खाली धुकं आहे, पण ते काढलेलं नाही. कागद तसाच सोडलाय आणि दोन्ही बाजूंनी शाई थांबवलीय. कातळावरून पांढऱ्या धारा उतरतात. एरवी तिथे धबधबा नसतो, मोठ्या पावसानंतर तेवढ्यापुरता फुटतो. खाली उजवीकडे पाइनच्या झाडांत एक घर, अर्धं धुक्यात.

चित्रावर त्याने स्वतः तारीख घातलीय. पाचव्या अधिक महिन्याचे शेवटचे दिवस. कोरियाच्या चांद्र पंचांगातही आपल्यासारखा अधिक महिना येतो. आणि त्याच महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी कवी यी ब्यॉंग-यॉन वारला. राजदरबाराच्या रोजनिशीत हवामानाची नोंद असायची. तिच्यावरून अभ्यासकांनी काढलं की बरेच दिवस लागून राहिलेला पाऊस पंचविसाव्या दिवशी उघडला. तेव्हा मित्र अंथरुणावर होता. पाऊस सरून डोंगर जसा पुन्हा उभा राहिला तसं मित्रानेही उठावं म्हणून हे चित्र, आणि ते घर म्हणजे मित्राचं घर, असा एक अर्थ लावतात. दुसरे म्हणतात घर त्याचं स्वतःचं किंवा आणखी कोणाचं. मी त्या वादात पडत नाही. शहात्तर वर्षांचा माणूस (त्यांच्या मोजणीने, जन्मालाच एक धरून) हे एवढं वजनदार काम करतो, तेव्हा त्याच्या डोक्यात शाईखेरीज दुसरं काही तरी असणार, एवढं मात्र मी मान्य करते.

मुक्ता बाजूला येऊन म्हणाली, "मावशी, वीस मिनिटं झाली. गार्ड आपल्याकडे बघतोय." बघू दे म्हटलं.

संध्याकाळी कॅटलॉग घेऊन जमिनीवरच बसले. यी ब्यॉंग-यॉन १७१० साली गुमगांगच्या वाटेवरच्या गुमह्वा गावी अधिकारी म्हणून गेला आणि पुढच्या वर्षी त्याने मित्राला बोलावलं. जॉंग सॉनची गुमगांगची पहिली चित्रवही १७११ सालची. त्यात शिखरांच्या शेजारी त्यांची नावं लिहिलीत, नकाशात लिहितात तशी. एकेक देऊळ, एकेक टोक. काही सुटू नये ही धडपड दिसते. तेवीस वर्षांनी केलेल्या त्या गोलात ती भीती उरलेली नाही. १७१२ साली पुन्हा जाऊन केलेली दुसरी वही हरवली. म्हातारपणी, १७४७ साली, त्याने तीच स्थळं पुन्हा काढली. ती वही १९३० च्या दशकात एका बड्या घरात चुलीत जायच्या बेतात होती. नोकर शेगडीत रद्दी सारत होता आणि पाहुणा म्हणून उतरलेल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याची नजर पडली. तिथून ती जॉन ह्यॉंग-पिल या संग्राहकाकडे गेली. आज ती त्याच्या कानसोंग म्युझियममध्ये आहे. चिमूटभर निखाऱ्यावर गेलं असतं सगळं.

शुक्रवार

आज 'तो कुठे उभा होता' हे शोधायचं. इनवांग चित्रातला डोंगर पूर्वेकडून दिसतो. ग्यॉंगबोकगुंग राजवाड्याच्या पलीकडे बुकचोनमध्ये जॉंगदोक ग्रंथालय आहे. त्याच्या अंगणात त्या चित्राची आठवण म्हणून एक दगड बसवलाय. हिरवळीवर ऑफिसातली मंडळी डबे उघडून बसली होती. मी दगडापाशी उभी राहून पश्चिमेकडे बघितलं.

डोंगर आहे. पण तो डोंगर नाही. ३३८ मीटरची ती टेकडी म्हणावी अशी उंची, फिकट ग्रॅनाइट, उन्हात जवळजवळ गुलाबी. पावसाचा मागमूस नाही. मी घाईघाईत एक पेन्सिल स्केच केलं आणि शेजारी चित्राची छापील प्रत धरली. त्याने मधला कडा चांगलाच रुंद केलाय आणि पुढे ओढलाय. कडेचे उतार गुंडाळून टाकलेत. मधली टेकाडं धुक्यात बुडवलीत, कारण ती नकोच होती. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी 'प्रमाण तपासा' असा शेरा मारला असता. आणि हा ज्या चित्रपरंपरेचा जनक, तिचं नाव खरं दृश्य!

हा आक्षेप माझ्या एकटीचा नाही. पुढच्या पिढीतला चित्रकार-समीक्षक कांग से-ह्वांग याने लिहिलं की जॉंग सॉन आपल्या नेहमीच्या वळणाचे फटकारे सगळ्या खडकांवर सारखेच मारतो, खडक कसा आहे ते बघत नाही. अर्धं खरं आहे. कॅटलॉगमधली काही छोटी कामं चाळताना मलाही हात यंत्रासारखा फिरल्याचं जाणवलं होतं. त्याला मागणी भयंकर होती. यी ब्यॉंग-यॉनच्या कपाटात चिनी ग्रंथांची चळत होती आणि ती मित्राची चित्रं पेकिंगला विकून जमवली होती, अशी एक जुनी आठवण सांगतात. इतकी चित्रं पुरवायची तर हाताला सवय लागणारच. पण इनवांगबद्दल कांग से-ह्वांगचं बोलणं लागू पडत नाही. तिथले फटकारे दुसऱ्या कुठल्या डोंगरावर मी पाहिले नाहीत.

दुपारी डोंगर चढले. सुसॉंगदोंगच्या बाजूने पायऱ्या आहेत, वर जुन्या नगरकोटाची भिंत. १९६८ साली उत्तर कोरियाचे कमांडो राष्ट्राध्यक्षांच्या निवासावर चालून आले, त्यानंतर इनवांगसान लोकांना बंद होता. १९९३ मध्ये उघडला. आता शाळेच्या सहली आणि रंगीत लेगिंग्जवाल्या बायका यांची वर्दळ. कातळावर हात ठेवला. खरखरीत, मोठे दाणे, हाताला वाळूसारखे कण लागतात. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट मला हाताने ओळखता येतो, हा अगदीच वेगळ्या जातीचा दगड. भेगा उभ्या जातात, पाणी त्यांतूनच उतरत असणार, आणि जिथून पाणी उतरतं तिथे कायमचे काळपट ओघळ राहिलेत. त्या ओघळांवर बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. दगड क्षणात गडद झाला, दोन छटांनी. शेजारून जाणाऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. मला मात्र त्याची शाई कुठून आली ते कळलं. भिजलेला इनवांग खरोखरच काळा पडतो. बाकीचं मोठेपण त्याने पदरचं घातलं.

शनिवार

मेट्रोच्या नऊ नंबरच्या मार्गावर यांगचॉन ह्यांग्यो स्टेशन. १७४० ते १७४५ जॉंग सॉन इथल्या यांगचॉन तालुक्याचा मुख्य अधिकारी होता. तेव्हा हे सोलच्या बाहेरचं, हान नदीकाठचं गाव, आता शहराचा गांगसॉ भाग. त्याच्या नावाचं म्युझियम इथे २००९ साली उघडलं. बहुतेक प्रतिकृती आहेत, पण चांगल्या प्रकाशात आणि मोकळेपणी बघता येतात. म्युझियमच्या मागे गुंगसान ही टेकडी आणि तिच्यावर सोआंगनु मंडप. तोही नव्याने बांधलेला.

पासष्टीच्या सुमाराला इकडे बदली झाली तेव्हा त्याने आणि यी ब्यॉंग-यॉनने एक करार केला. तू कविता पाठव, मी चित्र पाठवतो. त्यातून नदीकाठच्या स्थळांची जी वही तयार झाली ती माझ्या मते त्याचं सगळ्यात मोकळं काम. चित्रं लहान, रंग हिरवे-निळे, नदी शांत. 'पैशाच्या राशी दिल्या तरी ही देऊ नका' अशा अर्थाचा शिक्का त्याने वहीत मारलाय. पोरांनी विकू नये म्हणून बापाने घातलेली ताकीद.

त्यातलं 'मोकम्यॉक जोदोन' बघून मी मोठ्याने हसले. नामसान डोंगराच्या खांद्यावरून लालभडक अर्धा सूर्य वर येतोय. दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य! आयुष्यभर मी मुलांच्या वह्यांमधून हा सूर्य खोडत आले. "निसर्गचित्र म्हणजे हेच का रे?" आणि इथे कोरियाचा सगळ्यात मोठा निसर्गचित्रकार तेच करून बसलाय. फरक इतकाच की सूर्य मधोमध नाही, उताराच्या अंगाला आहे, आणि खालचं अख्खं चित्र अजून पहाटेच्या निळसर करड्या रंगात झोपलंय. एकच ठिकाणी लाल. हेच मी मुलांना सांगायला हवं होतं की काय, कोण जाणे.

त्याहून मला भावलं ते 'आनह्यॉन सॉकबोंग'. संध्याकाळी नदीपलीकडचा आनसान डोंगर, आणि त्याच्या माथ्यावर इशाऱ्याचा जाळ. रोज संध्याकाळी शिखराशिखरांवरून असा एक जाळ पेटवत राजधानीला 'सीमेवर सगळं ठीक' असा निरोप पोचवायचे. चित्रात तो जाळ म्हणजे कुंचल्याच्या टोकाने टेकवलेला लाल ठिपका, समईच्या ज्योतीएवढा. बाकी सगळा संधिप्रकाश. टेकडीवर चढून मंडपातून मी आनसान शोधला. समोर गगनचुंबी इमारती, पूल, नदीवरचा धूसरपणा. मुक्ताने फोनच्या नकाशावरून दिशा धरली. "ते बघ, त्या दोन टॉवरच्या मध्ये." होता बिचारा. आता त्याच्या शेजारी मोबाइलचे मनोरे.

याच वहीत आपगुजॉंगचंही चित्र आहे. नदीवरच्या उंच कातळावर एकटा मंडप, खाली होड्या, मागे टेकड्या. आज आपगुजॉंग म्हणजे सोलमधल्या सर्वांत महागड्या वस्त्यांपैकी एक. मंडपाची खूण म्हणून ह्युंदाई अपार्टमेंटच्या आवारात एक दगड उभा आहे.

रविवार आणि सोमवार

सोलहून सोकचो बसने अडीच तास. पूर्व किनारा. रविवारी फक्त दोन कामं झाली. भरपेट मासे आणि चॉंगगानजॉंग. हा मंडप गोसॉंग भागात समुद्राकाठच्या टेकाडावर आहे, जॉंग सॉनने पूर्व किनाऱ्याच्या स्थळांच्या मालिकेत तो १७३८ साली काढला. आजचा मंडप अलीकडे पुन्हा उभारलेला. वारा इतका की वही धरवेना. चित्रात समुद्रापेक्षा शेजारच्या प्रचंड खडकालाच जास्त मान आहे. पाण्याला त्याने दोन-चार वळणदार रेषांत उरकलंय. डोंगराळ माणूस होता, समुद्राशी त्याचं फारसं जमलं नसावं.

सोमवारी टॅक्सी ठरवून गोसॉंगच्या एकीकरण वेधशाळेला, म्हणजे उत्तर कोरिया बघायच्या मनोऱ्याला, गेलो. आधी काही अंतरावर एका कार्यालयात अर्ज भरायचा, पासपोर्ट दाखवायचा, मग गाडीनेच पुढे जायचं. पायी नाही. चौकीवरचा कोवळा सैनिक मुक्ताशी कोरियनमध्ये बोलला आणि माझ्याकडे बघून कमरेत वाकला. मीही वाकले.

वरून समोर उत्तरेचा किनारा दिसतो. खालची वाळू, काटेरी कुंपण, त्यापलीकडे गुसॉनबोंग हा दातेरी कातळ आणि समुद्रात उभे असलेले हेगुमगांगचे खडक. त्याच्या मागे, हवा स्वच्छ असेल तर, गुमगांगच्या रांगा. आज हवा स्वच्छ नव्हती. दुर्बिणीत नाणं टाकून बघितलं. करडं, मग जास्त करडं. एका क्षणी मला वरच्या बाजूला दात्यांची एक रेघ दिसली असं वाटलं, मुक्ता म्हणाली ढग असेल.

१९९८ पासून दक्षिणेतले लोक सहलीला तिकडे जाऊ शकत होते. २००८ च्या जुलैमध्ये तिथे फिरायला गेलेल्या एका दक्षिण कोरियन बाईला सैनिकाने गोळी घातली आणि सहली बंद झाल्या, त्या आजतागायत. म्हणजे जॉंग सॉनच्या सगळ्यात गाजलेल्या डोंगरापाशी त्याच्याच देशातल्या बहुतेक माणसांना आज जाता येत नाही. त्यांच्यासाठी गुमगांग म्हणजे ते चित्र. परदेशी माणसांनाही त्या डोंगराचं वेड होतं. १९२५ च्या सुमारास नोर्बर्ट वेबर या जर्मन मठाधिपतीने जॉंग सॉनच्या एकवीस चित्रांची वही कोरियातून नेली, त्यात गुमगांगही होता. ती बव्हेरियातल्या मठात पडून राहिली. १९७० च्या दशकात जर्मनीत शिकणाऱ्या एका कोरियन अभ्यासकाला ती सापडली, आणि २००५ साली मठाने ती कायमच्या उसनवारीवर कोरियात परत पाठवली. मोबदल्याची अट न घालता. असं फारसं होत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

१७३४ च्या त्या गोल चित्राच्या वरच्या कोपऱ्यात एक कविता आहे. तिच्या शेवटी साधारण असं म्हटलंय की स्वतः पायांनी हा डोंगर पालथा घातला तरी उशाशी ठेवून मनसोक्त बघण्याची सर त्याला कशी येणार. कवितेच्या ओळी म्हणून छान. पण लिहिणाऱ्याने, कोणी का असेना, जॉंग सॉनचे पाय हिशेबात धरलेले नाहीत. तो तिथे गेला नसता तर उशाशी ठेवायला काय होतं? मनोऱ्यावर उभी राहून हे मी मुक्ताला तावातावाने सांगत होते आणि शेजारच्या आजोबांना वाटलं आम्ही भांडतोय. त्यांनी आम्हाला दोन सुक्या मासळीच्या पट्ट्या दिल्या. चिवट, खारट, उत्तम.

परतीच्या बसमध्ये मुक्ता म्हणाली, "सगळ्यांतलं एकच घरी न्यायला मिळालं तर कुठलं नेशील?"

"तो लाल ठिपकावाला डोंगर," मी म्हटलं. "इनवांग भिंतीवर झेपायचा नाही. तू?"

"आपगुजॉंग," ती म्हणाली. "जमिनीसकट."